अंगण वाकडे नाही

‘पुणे’ या शब्दाचा उकार आणि मात्रा काढून टाका. उरते ‘पण’. ‘देव’ची मात्रा काढली की ‘दव’ उरते. ‘मूल’ या शब्दाचा उकार काढला की जे उरते ते सभ्य मासिकात लिहू नये, तरी लिहिते: ‘मल’. हा शब्दखेळ कुणा विडंबनकाराचा नाही. २०१८ साली गूगलने ‘बर्ट’ नावाचे भाषेचे मॉडेल जगापुढे ठेवले. त्याची बहुभाषिक अशी पहिली आवृत्ती होती, तिच्यात मराठी मजकूर मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच त्याचे हे असे होत असे.

कारण अगदी साधे होते. रोमन लिपीतल्या काही भाषांत अक्षरांच्या डोक्यावर चिन्हे येतात. ती पुसली आणि मोठ्या-लहान लिपीचा भेद काढला की यंत्राचे काम हलके होते. युनिकोडच्या वर्गवारीत आपला उकार, मात्रा, अनुस्वार आणि पायमोड त्याच चिन्हांच्या खान्यात पडतात. काना आणि वेलांटी शेजारच्या खान्यात, म्हणून त्या वाचल्या. शेतकऱ्याचा ‘शतकरी’ झाला तो असा. लवकरच कर्त्यांनी स्वतःच सांगितले की रोमनेतर लिपींसाठी ही आवृत्ती नको, दुसरी घ्या. चूक झाली, दुरुस्तही झाली. त्याबद्दल माझे भांडण नाही.

माझे भांडण घरातले आहे. मराठी वाचणारे एक माणूस त्या मजकुराशेजारी पाच मिनिटे बसले असते तर ही चूक दिसली असती. आमच्या संगणकशास्त्राच्या संस्थांत मराठी वाचणारी माणसे शेकड्यांनी आहेत. पण संशोधनाची जी रीत आपण तिथे रुजवली आहे, तिच्यात मजकूर वाचण्याची गरजच पडत नाही. वाचायचा असतो तो शेवटचा आकडा. तो मागच्या पेपरातल्या आकड्याहून दीड टक्क्याने वर गेला की काम झाले.

आणि तो नाही गेला, तर सबब तयार असते. मराठी ही ‘लो-रिसोर्स’ भाषा आहे. साधनदरिद्री.

हा शब्द एकदा नीट तोंडात घोळवून पाहा. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी जिला मातृभाषा म्हटले, बोलणाऱ्यांच्या संख्येने जी देशात तिसरी आहे, जिला २०२४ साली केंद्र सरकारने अभिजात ठरवले, ती भाषा प्रयोगशाळेच्या दारात आली की दरिद्री होते. हे दारिद्र्य मोजतात कसे, तेही पाहू. २०२० साली गाजलेल्या एका पेपरात जगातल्या सुमारे अडीच हजार भाषांची सहा वर्गांत विभागणी केली होती. सर्वांत वरच्या वर्गात इंग्रजी धरून सात भाषा. आपली कोकणी झुलू, माल्टीज आणि आयरिश यांच्या पंगतीला. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मागे पडलेल्या भाषांकडे लक्ष वेधावे म्हणूनच त्यांनी तो खटाटोप केला. पण मापे कोणती? एक, डेटाच्या जागतिक कोठारांत त्या भाषेचे किती संच नोंदलेले आहेत. दुसरे, विकिपीडियावर तिचे किती लेख आहेत. म्हणजे एखाद्या गावाची श्रीमंती गावच्या बँकेतल्या खात्यांवरून ठरवायची आणि कणगीत धान्य किती आहे ते विचारायचेच नाही.

आता कणगीत डोकावू या.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. ‘दीनबंधु’ १८७७ चा, ‘केसरी’ १८८१ चा, ‘मूकनायक’ १९२० चा. केतकर कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी मराठीत २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात खंडांचा, शिवाय पुरवणी. विश्वकोशाचे २० खंड. हे झाले छापील. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतले जे कागद आहेत, ते वेगळेच. तंजावरच्या भोसले दरबाराचा कारभार ज्या मराठीत चालला, ती मराठी तमिळ मुलखात राहून काय काय शिकली होती, हे त्या कागदांत आहे. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. जागा झाली, माणसे तिथे राहायला यायची आहेत.

या भाषेला दरिद्री म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, पण मग सांगा की दरिद्री कोण. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, तुळपुळ्यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सगळे आज शब्द टाकून शोधायचे असतील, तर वर्षानुवर्षे आपण ज्या दाराशी जातो ते शिकागो विद्यापीठाचे आहे. त्या विद्यापीठाचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. पण नदी आपली, घाट आपला आणि पाणी भरायला मात्र साता समुद्रापार जायचे, याची कुणाला लाज वाटत नाही, हे नवल आहे.

नाचता येईना, अंगण वाकडे. ‘लो-रिसोर्स’ या शब्दाचे याहून नेमके भाषांतर मला सुचलेले नाही.

हे दुरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका अभियांत्रिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत भाषांतर-तपासनीस होते. वाक्यामागे पैसे मिळत. इंग्रजी वाक्ये यायची. हिमवादळामुळे विमाने रद्द झाली. अमुक राज्याच्या गव्हर्नरने अमुक विधेयकावर सही केली. त्यांचे मराठी करायचे, दुसऱ्याने केलेले तपासायचे. दिवसाला दोनशे वाक्ये झाली तर घरभाडे निघे. तीन महिन्यांनी मी तिथल्या तरुण संशोधकाला विचारले, “अरे, ही बर्फातली मराठी आपण कुणासाठी बनवतोय? माझ्या ओळखीच्या एका प्रकाशकाकडे तीस वर्षांच्या पुस्तकांच्या सीडी खोक्यात पडून आहेत. कादंबऱ्या आहेत, शेतीची पुस्तकं आहेत, आत्मचरित्रं आहेत. ती उघडू या का?” सीडीवरच्या फाइली जुन्या फॉन्टांतल्या होत्या. युनिकोड रुळण्याआधी छपाईसाठी आपण जे फॉन्ट वापरले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसते. ती सोडवणारी परिवर्तके आहेत, पण जोडाक्षरांशी, रफाराशी आणि पहिल्या वेलांटीशी ती हमखास अडखळतात. मग माणसाने ओळ न् ओळ वाचावी लागते.

तो मुलगा भला होता. त्याने लगेच फाइल उघडून पाहिली, अर्धा तास झटापट केली आणि म्हणाला, “ताई, काम खरंच महत्त्वाचं आहे. पण यातून पेपर निघत नाही. ही साफसफाई झाली.”

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याला चार वर्षांत पीएचडी संपवायची होती. त्याच्या मार्गदर्शकाला पुढच्या बढतीसाठी परदेशी परिषदांतले पेपर मोजून दाखवायचे होते. संस्थेला क्रमवारीत वर जायचे होते. या सगळ्या हिशेबात खोक्यातल्या सीडींना रकानाच नव्हता. पुढे आमच्या वाक्यांवर पेपर झाला. त्यात आम्हा सहा जणींचा उल्लेख ‘मातृभाषक’ असा होता, नावे नव्हती. पेपरातली पहिली ओळ होती: मराठी ही लो-रिसोर्स भाषा आहे.

जे संशोधन होते, त्याची दिशाही बघावी. २०२२ मध्ये ‘फ्लोरेस’ नावाची कसोटी दोनशे भाषांसाठी खुली झाली. तिच्यात ३००१ वाक्ये आहेत. सगळी मुळात इंग्रजी, विकिन्यूज आणि विकिव्हॉयेजसारख्या ठिकाणची. प्रत्येक भाषेत त्यांचा अनुवाद करून घेतला, आणि मग यंत्र त्या भाषेत किती चांगले हे त्यावरून मोजतात. एका मापाने दोनशे भाषा मोजायच्या तर असे काहीतरी करावे लागते, हे मान्य. पण या मापावर पहिल्या आलेल्या यंत्राला मराठी येते असे म्हणणे म्हणजे पाठ्यपुस्तकातले उतारे घोकलेल्या मुलाला पोवाडा रचता येतो असे म्हणणे. मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ गटाने २०२३ मध्ये अनुसूचीतल्या बावीसही भाषांसाठी भारतीय संदर्भांची वेगळी कसोटी बनवली, ती म्हणूनच मोलाची. तिच्यावर कुणी वाकडा शब्द काढणार नाही. पण एका गटाने एक पाऊल टाकले म्हणून बाकीच्यांची सुटका होत नाही.

दुसरा लाडका मार्ग म्हणजे हिंदीचा खांदा. यंत्राला हिंदी शिकवा, लिपी एकच आहे, मराठी आपोआप येईल. या भरवशावर कितीतरी प्रबंध उभे आहेत. लिपी एकच आहे हे खरे. म्हणूनच ‘सर्व शिक्षा अभियान’ ही पाटी शाळेवर लागली तेव्हा आमच्याकडच्या मुलांनी आपापले तळहात मागे लपवले. हिंदीत संसार म्हणजे जग, मराठीत चूलभांडी आणि नवरा-बायको. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. यातायात तिकडे रस्त्यावर होते, इकडे जिवाची होते. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांचे शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, उभे केले, ते या देशातल्या भाषा-संगणनाचे सर्वांत चिवट काम आहे. शब्दाशब्दाला हात लावून केलेले. तरी त्याचीही रीत अशी की हिंदीचे जाल आधी विणायचे आणि मराठीचे त्यावरून पसरवत न्यायचे. ज्या कल्पनेला मूळ जालात गाठ नाही, ती पसरवताना मागे राहते. माहेरवाशीण, हुरडा, तिन्हीसांजा, पाणोठा, सोवळे. यांना स्वतःच्या बळावर आत यायला हवे होते. ते काम भाषा जाणणाऱ्यांचे होते आणि ते पुरेशा संख्येने तिकडे फिरकलेच नाहीत. त्याबद्दल पुढे बोलते.

नेहमीच असे होते असेही नाही. १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम झाले, त्यातून पुढे पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ तंत्र आले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण ठरले. इन्स्क्रिप्ट कळफलकामागचा विचार आजही थक्क करतो: तमिळ, बंगाली, मराठी, कुठलीही भाषा असो, ‘क’ एकाच कळीवर. भारतीय लिप्यांची घडण एक आहे हे व्याकरणातले ज्ञान बोटांच्या टोकांवर उतरले. आणि र. कृ. जोशी. मुंबईच्या आयआयटीत शिकवणारा हा सुलेखनकार मराठीतला कवी होता. पुढे त्यांनीच ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. कोट्यवधी लोकांनी संगणकावर पहिली देवनागरी पाहिली ती या कवीच्या हातची. अभियंत्यांच्या खोलीत कवी बसला की काय घडते, याचा पुरावा आपल्या पडद्यांवरच आहे. त्या कामाचे मोल पेपरांच्या संख्येत काढायला गेलो तर किती भरेल?

आता दोन आक्षेप.

पहिला: संशोधकाने ग्रंथपाल व्हावे काय? विज्ञान आंतरराष्ट्रीय असते, मराठीपुरते नसते. याला माझे उत्तर असे. जुन्या शिळाप्रेसच्या छपाईतून अक्षर ओळखणे, बाळबोधीच्या शेजारी आलेली मोडी वेगळी काढणे, शंभर वर्षांत बदललेल्या शुद्धलेखनाच्या पलीकडचा शब्द तोच आहे हे यंत्राला कळवणे, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला पंडित कोण आणि स्वयंपाकी कोण हे ओळखणे, हे प्रश्न सोपे आहेत असे ज्याला वाटते त्याने ते सोडवून दाखवावेत. कठीण प्रश्न हेच आहेत. ते दुसऱ्या कुणी आयते मांडून दिलेले नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

दुसरा आक्षेप ताजा आहे: आता तर यंत्रे फर्डे मराठी बोलतात, रडता कशाला? बोलतात खरी. पण कुठले मराठी? वर्तमानपत्री संकेतस्थळांचे, सरकारी परिपत्रकांचे आणि इंग्रजीतून उतरवलेल्या जाहिरातींचे. जे मिळाले तेच ती बोलणार. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी बोलणाऱ्या बाईने आपल्या बोलीत काही विचारले तर यंत्र अदबीने तिला प्रमाण मराठीत उत्तर देते, जसे पूर्वी मास्तर देत. आज ज्यांचा मजकूर आत जाणार नाही, त्यांची भाषा उद्या यंत्राला चूक वाटेल, आणि यंत्रावर लिहायला शिकलेल्या पोरालाही. दलित आत्मकथनांनी आणि ग्रामीण कादंबरीने जे शब्द भांडून पुस्तकात आणले, ते पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे राहतील. पणाला लागले आहे ते हे.

आणि आता आपण, म्हणजे लिहिणारे. संमेलनात मराठीच्या ऱ्हासाबद्दल ठराव करायचा, टाळ्या घ्यायच्या आणि घरी येऊन आपल्याच पुस्तकाची फाइल कुठे आहे हे माहीत नसायचे. प्रकाशकाला विचारावे तर तो म्हणतो, डीटीपीवाल्याकडे. डीटीपीवाला धंदा सोडून गेलेला. तमिळांनी १९९८ मध्ये ‘प्रोजेक्ट मदुराई’ सुरू केला. स्वयंसेवकांनी संगम साहित्यापासूनचे ग्रंथ टाइप करून काढले, सरकारची वाट पाहिली नाही. मलयाळींनी ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ उभारले आणि फॉन्टपासून शब्दतपासणीपर्यंतची साधने स्वतः बनवली. आम्ही मात्र वादात रमलो: ‘संगणक’ म्हणावे की ‘कॉम्प्युटर’.

लेखकांची एक भीती रास्त आहे. आमची पुस्तके यंत्राच्या घशात घालायची आणि मोबदला शून्य, हे का सोसावे? सोसू नये. पण आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचे होते. फुले, आपटे, राजवाडे, केतकर, साने गुरुजी यांच्या पुस्तकांवर कुणाचाच हक्क आडवा येत नाही. तेवढेही नीट तपासलेल्या, शोधता येणाऱ्या मजकुरात सगळे उपलब्ध नाही. हयात लेखकांसाठी करार करा, पैसे द्या, नाव द्या, नाही म्हणण्याचा हक्क द्या. भीतीचे उत्तर करार आहे. कुलूप लावून विसरून जाणे हे उत्तर नव्हे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. भारतीय भाषेवर पीएचडी होत असेल तर प्रबंधाचा सविस्तर गोषवारा त्या भाषेत असावा, तिच्या वाचकांना कळेल असा. तपासलेला, खुला, टिकाऊ मजकूर तयार करणे हे संशोधन म्हणून बढतीत मोजावे. भाषेच्या प्रत्येक प्रयोगशाळेत त्या भाषेचा अभ्यासक पगारी असावा, वाक्यामागे मजुरी घेणारा नव्हे, आणि पेपरावर त्याचे नाव असावे. निकालाचा आकडा छापण्याआधी शंभर वाक्ये कुणीतरी वाचलेली असावीत. आणि प्रकाशकांनी, लेखकांनी आपली खोकी उघडावीत. यातल्या एकाही गोष्टीला महासंगणक लागत नाही.

या मजकुराचे वाचक अनेक भाषांचे आहेत. आपापल्या भाषेचे नाव घालून हाच लेख पुन्हा वाचून पाहा. फारसे काही बदलावे लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

गेल्या दिवाळीत त्या प्रकाशकाकडे गेले होते. खोके अजून माळ्यावर आहे. मी एक सीडी खाली काढली. लेबलावर एका कादंबरीचे नाव आणि ‘१९९७, अंतिम’ असे बॉलपेनने लिहिलेले. मागच्या बाजूला बुरशीचा डाग धरला होता. त्यांच्याकडे आता सीडी वाचणारे यंत्र नाही, माझ्याकडेही नाही. मी ती फडक्याने पुसली आणि परत खोक्यात ठेवली. अजून वीसेक तरी वाचतील. पण पुढच्या पावसाळ्याचे सांगता येत नाही.